लव्हाळ्याचं उच्चाटन

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हॉट्सअॅपवर अठरा सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. टोमॅटोसाठी तयार केलेला बेड, त्यावर नवाकोरा मल्चिंग पेपर, आणि दाभणानं टोचावं तशी त्या पेपरला खालून भोसकून वर आलेली हिरवी टोकं. रोपं अजून लावायची होती. रोपांसाठी पाडलेली भोकं रिकामी होती आणि लव्हाळा मात्र आपली भोकं आपण पाडून वर आला होता. व्हिडिओत तात्या एक शब्द बोलत नाहीत. कॅमेरा फक्त बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. खाली मेसेज: 'ह्याला काय औषध हाय का बघ तुझ्या गुगलवर.'

आमचं रान माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडच्या मधल्या पट्ट्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गावाकडच्या इंजिनिअर पोराला मोटर जळण्यापासून आधार लिंक करण्यापर्यंत सगळं विचारलं जातं, त्यातलाच हा प्रश्न. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. पण औषध शोधता शोधता मी शंभर वर्षं मागे पुण्यातच जाऊन पोचलो.

आधी लव्हाळा म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. दिसायला गवत, पण ते गवत नाही. फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा, तीन कडा हाताला लागतात. गवताची काडी गोल असते, पोकळ असते, तिला पेरं असतात. लव्हाळ्याचं घराणंच वेगळं. शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. जमिनीखाली काळपट गाठी, एकीला एक दोऱ्यासारख्या मुळानं जोडलेल्या, जपमाळेसारख्या. बियांवर त्याचा फारसा भरवसा नाही, सगळा संसार गाठींवर. परिस्थिती अनुकूल असली तर एका गाठीच्या तीन महिन्यांत शंभराच्या आसपास गाठी होतात. 1977 मध्ये होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात पहिला नंबर याचा: 92 देश, 52 पिकं.

गंमत म्हणजे याच गाठीला आपण नागरमोथा म्हणतो आणि पैसे देऊन विकत घेतो. दिवाळीच्या उटण्यात तो असतो. आयुर्वेदात त्याचं नाव मुस्ता, तापात द्यायच्या षडंगपानीयात तो आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा आता रानडुकरांनी डबक्यात निवांत मोथा उकरावा असं म्हणतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही तो ओलाव्याच्या जागीच होता आणि तो उकरणारं कुणीतरी होतं. सुदानमध्ये अल खिदाय नावाच्या जागी सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवरचं कीटण तपासलं, तर त्यात लव्हाळ्याच्या गाठींचे अंश मिळाले. 2014 मध्ये ते संशोधन छापून आलं. त्या माणसांचे दात फारसे किडलेले नव्हते आणि त्याचं श्रेय कदाचित या गाठींना असावं, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग खावा की. आपल्या रानात लय हाय."

काँग्रेस गवताची गोष्ट वेगळी आहे. ते पुण्यात 1955 च्या सुमाराला पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. तिथे बोट दाखवायला कुणीतरी आहे. लव्हाळा आपल्याकडचा, जुना, घरचाच. त्याच्यावर राग काढायला परदेशी जहाज मिळत नाही.

आता पुणे, साल 1925. लव्हाळ्यावरचा कुठलाही जरा खोलातला शोधनिबंध उघडा आणि संदर्भयादी खाली खाली सरकवत जा. बऱ्याचदा एक जोडनाव भेटतं: रानडे आणि बर्न्स. विल्यम बर्न्स हे मुंबई सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम करायचे. पुढे ते देशपातळीवर शेतीचे सल्लागार झाले आणि 1944 मध्ये भारतीय शेतीचं उत्पादन तंत्रानं किती वाढू शकेल याचा त्यांचा अहवाल गाजला. पण त्याच्या वीस वर्षं आधी त्यांनी आणि रानड्यांनी भारताच्या कृषी खात्याच्या ग्रंथमालेत नव्वदहून जास्त पानांचा एक प्रबंध छापला होता, निव्वळ या एका तणावर. शीर्षकात शब्द होता: उच्चाटन.

मला त्या शब्दानं धरून ठेवलं. कमी करणं नाही, आटोक्यात ठेवणं नाही, उच्चाटन. 1925 मध्ये लव्हाळ्यावर मारायला एकही नीट औषध नव्हतं. हातात होतं ते लोखंडी नांगर, बैल, खुरपं आणि दख्खनचं ऊन. तरी भाषा मुळासकट संपवण्याची. नंतर औषधं आली, एकापेक्षा एक सरस आली, आणि भाषा नरम होत गेली. 1978 मध्ये देशभरात तणांवर समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला, त्याच्या नावात 'नियंत्रण' होतं. 1989 मध्ये जबलपूरला तणांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र झालं. आज त्याच समन्वित प्रकल्पाच्या नावात 'व्यवस्थापन' आहे. उच्चाटन, नियंत्रण, व्यवस्थापन. आमच्या क्षेत्रात एखादा बग 'सोडवायचा' वरून 'हाताळायचा' वर आला, की समजावं तो आता कायम राहणार.

पण 1925 च्या माणमध्ये लव्हाळा हा प्रश्नच नव्हता, निदान जिरायतीत तरी नाही. आमच्याकडे पाऊस वर्षाला साधारण 450 ते 500 मिलिमीटर, तोही लहरीवर. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, बाकी मेंढरं. मुरमाड रानात त्रास असायचा तो हरळीचा आणि कुंद्याचा. आजीला विचारलं की तुझ्या लहानपणी लव्हाळा कुठं होता, तर ती म्हणते, "हिरीच्या पाटाकडंला. मोटंचं पाणी जिथवर जायचं तिथवर." ती हे सहज बोलून गेली, पण मला वाटतं लव्हाळ्याचा माणमधला सगळा इतिहास त्या वाक्यात आहे. पाणी जिथवर गेलं तिथवर तो गेला.

आणि जिथे होता तिथे त्याच्यावर उपायही होता. सुगी झाली की फाल्गुन-चैत्रात खोल नांगरट करायची, ढेकळं उलथी पडू द्यायची, मग कुळवाच्या मागं बायकांनी गाठी वेचायच्या, बांधावर टाकायच्या. वैशाखाच्या उन्हात त्या सुरकुतायच्या. गाठीतलं पाणी एका मर्यादेखाली उतरलं की ती मरते, यात कुठलीही जादू नाही. नांगरानं गाठींची माळ तुटते. माळ अखंड असते तेव्हा टोकाची गाठ मागच्या गाठींना झोपवून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते, म्हणजे प्रत्येक गाठ उगवायला तयार होते. रान कोरडं असेल आणि ऊन चाळीसच्या वर असेल, तर ती उगवण्याआधी वाळून जाते. रान ओलं असेल, तर एकाची वीस झाडं होतात.

म्हणजे काम एकच. दुष्काळात ते औषध ठरतं आणि बागायतीत पेरणी ठरतं.

माणमध्ये पाणी कसं आलं, ही मोठी कथा आहे आणि ती इतरांनी चांगली लिहिली आहे. थोडक्यात सांगतो. 1876-78 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला राजेवाडीचा तलाव आमच्या नदीवर आहे, पण त्याचं पाणी खाली आटपाडी-सांगोल्याकडे. मग शंभरेक वर्षं टँकर, छावण्या आणि मुंबईला माथाडी कामाला गेलेली माणसं. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या उपसा योजना हळूहळू पुऱ्या होत गेल्या: आटपाडीकडे टेंभू, आमच्याकडे उरमोडी आणि जिहे-कठापूर. आमची नदी भीमेला मिळते, पण आता तिच्या खोऱ्यात कृष्णेचं पाणी उचलून येतं, नेरच्या तलावातून बोगद्यानं आंधळी धरणात. मधल्या काळात गावांनी श्रमदान केलं. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं टाकेवाडी आमच्याच तालुक्यातलं. आमच्या रानात आधी शेततळं झालं, मग ठिबक, मग डाळिंब, कांदा, मका, आणि माझ्या आज्याला स्वप्नातही दिसला नसता असा तीस गुंठे ऊस.

त्याच दहा-बारा वर्षांत रोटाव्हेटर आला. बैल गेले. बाहेरून विकतचं शेणखत आलं, नर्सरीतली रोपं आली, गावोगावच्या रानांतून फिरून आलेला भाड्याचा ट्रॅक्टर आला. या प्रत्येकाबरोबर थोडी माती आली आणि मातीबरोबर गाठी. रोटाव्हेटर तर माळेचे तुकडे करून ते सगळ्या वावरात सारखे पसरतो, वर लगेच पाणी मिळतं. लव्हाळ्याची लागण करायचं याहून चांगलं यंत्र मी तरी पाहिलं नाही.

औषधांकडे येतो. भारतात रसायनानं तण मारायचा पहिला प्रयत्न 1937 मध्ये पंजाबात झाला, काटेरी रानकरडईवर सोडियम आर्सेनाइट मारून. आर्सेनाइट म्हणजे सोमलाचाच भाऊ, त्यापुढे तण काय आणि माणूस काय. मग दुसरं महायुद्ध. इंग्लंड आणि अमेरिकेत गुप्तपणे चाललेल्या कामातून टू-फोर-डी निघालं. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं आणि झाड वेडंवाकडं वाढून मरतं. 1945 मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं, 1946 मध्ये भारतात त्याच्या चाचण्या झाल्या. स्वतंत्र भारताच्या सरकारला तणांची किती काळजी होती ते एका गोष्टीवरून कळतं: 1949 मध्ये जागतिक बँकेनं भारताला दिलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचं, मध्य भारतातल्या कांस गवतानं व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टरनं मोडून काढण्यासाठी होतं. लव्हाळ्याच्या वाट्याला असं कर्ज कधी आलं नाही. कांस जमीन बळकावतं, ते नकाशावर दिसतं. लव्हाळा जमीन तुमच्याकडेच राहू देतो, फक्त उत्पन्नातला वाटा घेतो.

टू-फोर-डी रुंद पानांवर चालतं, गवताला सहसा धक्का लावत नाही. लव्हाळा यात मधेच कुठेतरी. फवारल्यावर वरची पानं पिवळी पडतात, माणूस खूश होतो, आणि खालच्या गाठी पंधरा दिवसांनी नवा फुटवा काढतात. प्रोसेस मारली, पण तिला पुन्हा चालू करणारी सर्व्हिस तशीच राहिली.

याच टू-फोर-डीनं आमच्या घरात एकदा चांगलाच हिसका दिला. मी बारावीत होतो. तात्यांनी मक्यात ते मारलं, पंप पाण्यानं दोनदा विसळला, आणि चार दिवसांनी त्याच पंपानं टोमॅटोवर बुरशीचं औषध मारलं. आठवड्यात टोमॅटोचे शेंडे दोरीसारखे पिळवटले, पानं चिंचोळी झाली. पहिल्यांदा आम्हाला व्हायरस वाटला, त्याच्यावरही दोन फवारण्या झाल्या. खरं कारण कळेपर्यंत प्लॉट गेला होता. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये उरलेला अंश टोमॅटोला पुरेसा असतो. त्या वर्षी माझी क्लासची फी मामानं भरली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप आमच्यात वेगळा आहे, त्याला लाल फडकं बांधलेलं असतं आणि त्याला दुसरं कोणी हात लावत नाही.

लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत खरोखर पोचलेलं पहिलं औषध म्हणजे ग्लायफोसेट. 1950 मध्ये ते एका स्विस रसायनशास्त्रज्ञानं तयार करून ठेवलं होतं, उपयोग माहीत नसताना. 1970 मध्ये मोन्सान्टोतल्या जॉन फ्रान्झनं त्यातला तणनाशक गुण ओळखला आणि 1974 पासून ते विकलं जाऊ लागलं. पानातून शिरतं आणि अन्नरसाबरोबर खाली उतरतं. पण ते हिरवं दिसेल ते मारतं, त्यामुळे उभ्या पिकात चालत नाही. आणि अन्नरस जातो फक्त वाढत्या गाठींकडे. माळेत मागे झोपलेली गाठ अन्न मागतच नाही, म्हणून विषही तिच्याकडे जात नाही. ती जिवंत राहते, शेजारीण मेल्यावर जागी होते. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं ते मानलं नाही, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये भारत सरकारनं त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फत करायचा असा आदेश काढला. आमच्या तालुक्यात असा चालक शोधायला मी निघालो नाही. लोक काय करतात ते लोकांना माहीत आहे.

आणि शेवटी ते 36 ग्रॅम. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, एका एकराला 36 ग्रॅम. सत्तरच्या दशकात ड्यूपाँटच्या जॉर्ज लेव्हिटनं शोधलेल्या सल्फोनिल युरिया कुळातलं हे औषध. झाडात तीन विशिष्ट अमिनो आम्लं तयार करणारं एक एन्झाइम असतं, ते हे बंद पाडतं. माणसात ते एन्झाइम नाही. ऊस आणि मका ते औषध पचवून टाकतात, लव्हाळ्याला ते जमत नाही. किलोंच्या जागी ग्रॅम आले, आणि उभ्या उसातून फक्त लव्हाळा जाऊ लागला. खरं सांगायचं तर एक इंजिनिअर म्हणून मी या रेणूच्या प्रेमात पडलो. तीन-चार पानांवर असताना मारलं की दोन-तीन आठवडे सावकाश पिवळा पडत तो बसतो. तात्यांनी उसात मारलं तेव्हा त्यांनी रोज एक फोटो पाठवला होता. एकविसाव्या दिवशीच्या फोटोखाली त्यांनी अंगठा दाखवला होता, जो ते सहसा पंतप्रधानांनाही दाखवत नाहीत.

पण टोमॅटोत, कांद्यात, डाळिंबाच्या रोपांत ते चालत नाही. शिवाय ते जमिनीत काही काळ राहतं, त्यामुळे पुढचं पीक कुठलं घ्यायचं हे लेबल वाचून ठरवावं लागतं. ते लेबल इतक्या बारीक अक्षरात असतं की तात्यांना त्याचा फोटो काढून झूम करावा लागतो.

गावाकडच्या तरुण लेखकांना इथे एक मोह होतो, मलाही झाला होता: औषधं वाईट, जुनी भांगलण चांगली. हे आईसमोर बोललो. आमच्याकडे खुरपणीला भांगलण म्हणतात. आई लग्नानंतर बारा वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. ती म्हणाली, "तू एक वाफा भांगल. लव्हाळ्याचा. मग लिव्ह." मी बसलो. खुरपं घालून पात काढली की गाठ खालीच राहते. गाठ काढायची तर वीतभर उकरावं लागतं, आणि उकरताना शेजारचं पीक हलतं. पाऊण तासात माझी पाठ गेली. औषध आलं म्हणून आईची पाठ वाचली, हे तितकंच खरं आहे जितकं हे, की गावातल्या ज्या बायकांना रान नाही त्यांची उन्हाळ्यातली मजुरीही त्याच 36 ग्रॅमनी गेली. इतिहासाच्या पुस्तकांत लेव्हिट आणि फ्रान्झ असतात. वैशाखात कुळवामागं वाकून गाठी वेचणाऱ्यांची नावं रानडे-बर्न्सच्या काळातही कुणी लिहून ठेवली नसणार.

जगानं दुसरे मार्गही करून पाहिले. 1925 मध्येच, पुण्यात प्रबंध छापला गेला त्याच वर्षी, हवाई बेटांवर फिलिपाइन्समधून लव्हाळा खाणारे किडे आणून सोडले. त्यातल्या पतंगाची अंडी तिथल्या परोपजीवी गांधीलमाश्यांनी फस्त केली आणि लव्हाळा तसाच राहिला.

शाळेत आपल्याला तुकोबांचा लहानपण मागणारा अभंग असतो. पुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, ते नम्र असतात म्हणून, असं बाईंनी सांगितलं होतं. तुकोबांना जे म्हणायचं होतं ते योग्यच आहे. पण त्या वर्गात लव्हाळा उपटलेली पोरं निम्मी तरी होती, आणि त्यातल्या कुणालाही तो नम्र वाटला नसणार. त्याच्याकडे फक्त जमिनीखाली भरपूर शिल्लक असते.

तात्यांना मी शेवटी उत्तर दिलं. टोमॅटोत पेपर टाकल्यावर मारायचं औषध नाही. यंदा टोमॅटो नाही तिथे मका घ्या, त्यात हॅलोसल्फ्युरॉन मारा, आणि मका निघाला की एप्रिल-मेमध्ये ते वीस गुंठे पाणी न देता नांगरून उन्हात तापू द्या, रोटाव्हेटर अजिबात नको. औषधानं जागत्या गाठी जातील, उन्हानं झोपलेल्या. हे मला गुगलनं सांगितलं नाही. त्यातला दुसरा भाग आजीचा आहे.

तात्या बराच वेळ फोनवर गप्प होते. मग म्हणाले, "पाणी आलंय आणि रान पडीक ठिवायचं?"

यावर माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. माणमध्ये जन्मलेल्या माणसाला, शेततळं भरलेलं असताना, उन्हाळ्यात व्हॉल्व्ह बंद ठेव म्हणणं म्हणजे काय, हे मला कळतं. त्यांनी लहानपणी टँकरमागं हंडा घेऊन पळालेलं आहे. दुष्काळ हे आमच्याकडचं सर्वांत चांगलं तणनाशक होतं, आणि तो परत यावा असं गावात एकालाही वाटत नाही, मलाही नाही.

मक्यात औषध मारून झालं. नांगरटीचं ठरलं ते वीस नाही, दहा गुंठ्यांवर. बाकी दहात उन्हाळी भुईमूग. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा नांगरलेल्या तुकड्यात ढेकळं पांढरी पडली होती आणि आजी काठी टेकत, एका हातात घमेलं घेऊन, गाठी वेचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वेचलेल्या गाठी तिनं गोठ्याच्या पत्र्यावर पसरल्या होत्या. मी दोन बोटांत एक दाबून बघितली. कोरडी, हलकी, आणि फोडली तर उटण्याचा वास.

शेजारच्या दहा गुंठ्यांत भुईमुगाला ठिबक चालू होतं, आणि तिथे नळीच्या कडेकडेनं तो परत आला होता.